उच्चजातीय हिंदू, जन्म अमृतसर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या छापील निवाड्यांच्या २६१ व्या खंडात, पान २०४ वर, ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध भगतसिंग थिंड’ हे प्रकरण सुरू होतं. निकालाची तारीख १९ फेब्रुवारी १९२३. खालच्या अपील न्यायालयाने दोन प्रश्न वर पाठवून त्यांची उत्तरं मागितली होती. पहिला प्रश्न मराठीत असा होईल: हिंदुस्थानात, पंजाबातल्या अमृतसर इथे जन्मलेला, पूर्ण हिंदी रक्ताचा उच्चजातीय हिंदू हा कायद्याच्या कलमातला ‘गोरा’ माणूस आहे काय?

ज्याच्याबद्दल हे विचारलं जात होतं तो शीख होता. प्रश्नात ‘शीख’ हा शब्द नाही. ‘हिंदू’ आहे, आणि त्याच्या आधी ‘उच्चजातीय’ आहे. हे दोन शब्द दोन वेगळ्या घरांतून आलेले आहेत. ‘हिंदू’ हा अमेरिकेतला त्या काळचा शब्द. हिंदुस्थानातून आलेला मुसलमान असो की शीख, तिकडे तो हिंदूच. १९२०, १९३० आणि १९४० या तिन्ही जनगणनांत तर ‘हिंदू’ हा एक वंश म्हणून मोजला गेला. ‘उच्चजातीय’ हा शब्द मात्र आपल्याकडून गेलेला माल आहे. तो तिकडच्या कोर्टात कुणी, कशासाठी नेला, हे जुने निवाडे ओळीने वाचले की दिसायला लागतं.

आधी कायदा. अमेरिकेचं नागरिकत्व कुणाला मिळेल हे १७९० सालच्या कायद्याने ठरवलं होतं: परदेशी माणूस मुक्त आणि गोरा असला पाहिजे. यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली, आणि १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांसाठी दुसरं दार उघडलं. आशियातल्या माणसाला या दोन दारांपैकीच कुठल्या तरी एकातून आत जायचं होतं. दुसऱ्या दारावर हिंदुस्थानातल्या कुणी थाप मारल्याचं एकही नावाजलेलं प्रकरण नाही. मारली असती तरी ते उघडलं नसतं, ही गोष्ट वेगळी. पण सगळी खटपट पहिल्या दाराशी झाली, आणि ‘आम्ही गोरे कसे’ हे सिद्ध करताना प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याला थोडं मागे ढकललं.

सुरुवात मुंबईकराने केली. भिकाजी बलसारा हा मुंबईचा पारशी न्यूयॉर्कच्या कोर्टात १९०९ मध्ये उभा राहिला. न्यायाधीश लॅकोम्ब यांना पारशी हे आर्य वंशाचा बहुधा सर्वांत शुद्ध नमुना वाटले, पण एक धास्तीही वाटली: पारशाला घेतलं तर त्याच्या मागून अफगाण, हिंदू, अरब आणि बर्बरही येतील. तरी त्यांनी बलसाराला घेतलं. सरकार अपिलात गेलं आणि १९१० मध्ये तिथेही हरलं. दार किलकिलं झालं.

मग १९१३ साली वॉशिंग्टन राज्यात अखयकुमार मोझुमदार आले. ते बंगाली, अध्यात्मावर व्याख्यानं देणारे. त्यांनी शपथेवर सांगितलं की आपण शुद्ध रक्ताचे, क्षत्रिय जातीचे, उच्चजातीय हिंदू आहोत. इथवर ठीक. पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते निवाड्यात छापलेलं आहे: या देशात आलेले बहुतेक हिंदू उच्चजातीय नाहीत, त्यांना शीख म्हणतात आणि ते मिश्र रक्ताचे आहेत. छापणाऱ्याने ‘शीख’ या शब्दाचं स्पेलिंगही चुकवून ठेवलंय. न्यायाधीश रडकिन यांना मोझुमदारांचं म्हणणं पटलं. त्यांना नागरिकत्व मिळालं.

मला या सगळ्या कागदांत ही साक्ष सर्वांत जास्त खटकते. त्यात मोझुमदारांचा दुष्टपणा आहे असं मी म्हणणार नाही. वकिलाने विचारलं असेल, यांनी उत्तर दिलं असेल. पण परक्या मुलखात, परक्या न्यायाधीशापुढे, स्वतःला वर काढायला त्यांच्या हाताशी सगळ्यात सोपं साधन कोणतं सापडलं, तर ज्यांच्याबरोबर एकाच ‘हिंदू’ नावाच्या डब्यात कोंबलं गेलं होतं त्यांची जात काढणं.

ते ‘मिश्र रक्ताचे’ शीख कोण होते? कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड कापणारे, रूळ टाकणारे, बागांत राबणारे पंजाबी. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांच्या खोल्या फोडून त्यांना गावाबाहेर हाकललं. या कामगारांनी आणि थोड्या विद्यार्थ्यांनी मिळून १९१३ मध्ये गदर चळवळ उभी केली. तिच्या उभारणीत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. तेव्हा ते त्याच मुलखात शेतकीचं शिक्षण घेत होते. आणि याच वर्षी, ४ जुलैला, अमृतसर जिल्ह्यातला वीस वर्षांचा भगतसिंग थिंड सिॲटलच्या धक्क्यावर उतरला.

योगायोग असा की त्याच जुलै महिन्यात खंडाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला, बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणखी एक तरुण उतरला. भीमराव रामजी आंबेडकर. या दोघांची गाठ पडल्याचं कुठे येत नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं. तरी त्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवायला हवेत, का ते पुढे येईल.

थिंड ओरेगनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत काम करी. पहिलं महायुद्ध सुरू होतं, अमेरिका त्यात उतरली होती. २२ जुलै १९१८ ला तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईस छावणीतला पलटणीबरोबरचा त्याचा एक फोटो उपलब्ध आहे. बाकी सगळे हॅटवाले, आणि त्यांच्यात हा एक पगडीवाला. गणवेश तोच, पट्टे तेच. हंगामी सार्जंटपदापर्यंत तो चढला. ९ डिसेंबर १९१८ ला, अंगात तोच गणवेश असताना, त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. चार दिवसांनी ते रद्द झालं, कारण तो गोरा नाही. त्यानंतर तीन दिवसांनी, १६ डिसेंबरला, सैन्याने त्याला सन्मानपूर्वक निरोप दिला.

नागरिकत्व देणारं आणि काढून घेणारं सरकार एकच, पण त्याच्या दोन खात्यांचे हिशेब वेगळे. ज्या कायद्याच्या आधाराने युद्धात उतरलेल्या परदेशी सैनिकांना लवकर नागरिकत्व देत होते, त्यात रंगाची जुनी अट काढली आहे की नाही, यावर त्यांचं एकमत नव्हतं.

६ मे १९१९ ला थिंडने ओरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. हे प्रकरण न्यायाधीश वूल्व्हर्टन यांच्यापुढे चाललं आणि त्यांचा १९२० चा निवाडा छापलेला आहे. तो वाचला की कळतं, सरकारी तपासनिसाला थिंडच्या रंगाइतकीच त्याच्या राजकारणाचीही काळजी होती. गदरच्या मंडळींशी, विशेषतः भगवानसिंग यांच्याशी, त्याची ओळख होती. आणि भगवानसिंग सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हिंदू कट’ खटल्यात शिक्षा झालेले. थिंडने काय सांगितलं ते न्यायाधीशांनी नोंदवलंय: तटस्थतेचे कायदे मोडण्याच्या कटात आपण नव्हतो, हिंदुस्थान हिंदी लोकांचा असावा आणि ब्रिटिशांचं राज्य जावं असं मात्र आपल्याला वाटतं, त्यासाठी सशस्त्र बंड नको.

न्यायाधीशांना ही साक्ष प्रामाणिक वाटली. आपल्या देशावरचं इंग्रजी राज्य जावं असं वाटणाऱ्या माणसाला नागरिक करून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. निदान त्यांनी ती लिहिली नाही. १८ नोव्हेंबर १९२० ला थिंडला नागरिकत्व मिळालं, दुसऱ्यांदा. सरकार अपिलात गेलं. इथून पुढच्या कागदांत थिंडचं राजकारण गळून पडतं. सैन्य गळतं, गिरणी गळते, पगडी गळते. अमृतसरात जन्मलेला एक नमुना तेवढा उरतो.

दरम्यान वरच्या कोर्टात दुसरं प्रकरण आलं होतं. ताकाओ ओझावा हा जपानी गृहस्थ कॅलिफोर्नियात शिकलेला, हवाईत राहिलेला, घरात इंग्रजी बोलणारा. त्याचं म्हणणं, माझी कातडी कितीतरी गोऱ्यांपेक्षा गोरी आहे. १३ नोव्हेंबर १९२२ ला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल दिला: कातडीच्या रंगावर जाता येणार नाही, एकाच वंशात सगळ्या छटा असतात. ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी काही कॉकेशियन नव्हेत. अर्ज फेटाळला.

थिंडच्या वकिलांना यापेक्षा चांगली बातमी कुठली असणार? त्या काळच्या मानववंशशास्त्राची पुस्तकं उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत होती. गोरा म्हणजे कॉकेशियन असं वरचं कोर्टच म्हणतंय, शास्त्रज्ञ थिंडला कॉकेशियन म्हणतायत, मग अडचण कुठे? ११ आणि १२ जानेवारी १९२३ ला सुनावणी झाली. आणि वंशाची शुद्धता सिद्ध करायला वकिलांनी जात पुढे केली. त्यांच्या लेखी युक्तिवादाचा मतलब असा: उच्चजातीय हिंदू हा तिथल्या मूळनिवासी माणसाकडे, लग्नसंबंधाच्या दृष्टीने, तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो.

‘लग्नसंबंधाच्या दृष्टीने’. हा वाक्यखंड कुणाच्या डोक्यातून आला असेल याचा विचार करतो तेव्हा मला एखाद्या मराठी घरातली स्थळं बघण्याची बैठक आठवते. गोत्र, जात, पोटजात, रंग. मुलगी ‘गोरीपान’ असल्याचं आवर्जून सांगणारी मावशी. ती बैठक जणू उचलून वॉशिंग्टनच्या कोर्टात मांडली होती. आमच्यात मिसळ नाही, कारण आम्ही खालच्यांशी सोयरीक करत नाही. आणि तुम्हीही करत नाही, म्हणून आपण एकच.

आता दुसरा कागद. ९ मे १९१६, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. आंबेडकरांनी एका चर्चासत्रात जातीच्या उगमावर निबंध वाचला. त्यांचा मुद्दा अगदी नेमका होता: जातीचं मूळ रंगात किंवा वंशात शोधू नका, ते जातीच्या आतच लग्न करण्याच्या नियमात आहे. युरोपीय अभ्यासकांना जातीत रंग दिसतो, कारण त्यांच्या स्वतःच्या डोक्यात रंग बसलेला आहे, असंही त्यांनी सुनावलं. या निबंधात त्यांनी एका मराठी माणसाचा आधार घेतला: श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले केतकर तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात शिकून परतलेले होते, आणि जातीच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये कॉर्नेलच्याच गावी, इथाकात निघालं होतं. केतकरांच्या म्हणण्याचा सारांश: कोण आर्य आणि कोण द्रविड हा प्रश्न हिंदुस्थानातल्या लोकांना कधी पडलाच नव्हता, परदेशी विद्वानांनी येऊन रेघ ओढेपर्यंत. आणि त्यांनी एक इशाराही देऊन ठेवला होता, जो आंबेडकरांनी उचलला: हिंदू जगात इतरत्र जाऊन राहिले तर जात हा जगाचा प्रश्न होईल.

केतकरांनी रेघेबद्दल जे लिहिलं त्यात थोडी भर घालायला हवी. रेघ ओढली परदेशी विद्वानांनी, हे खरं. पण तिच्यावर नाचायला इथले बरेच जण पुढे आले. टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळस्थान उत्तर ध्रुवाकडे नेलं. त्याच्या तीस वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी तीच रेघ उलटी धरली होती: आर्य म्हणजे बाहेरून आलेले, इथल्या शेतकऱ्याला दास करणारे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पन्नास वर्षांनी त्याच अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या कोर्टात हिंदुस्थानातल्या माणसासाठी वकील सांगत होते की आमच्याकडचा वरचा आणि तुमच्याकडचा गोरा यांची खालच्याकडे बघण्याची नजर एकसारखी आहे. फुले ऐकायला नव्हते.

सदरलँड यांनी निकाल दिला, एकमताचा. स्वतः सदरलँड इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले. तीन महिन्यांपूर्वी ज्या ‘कॉकेशियन’ शब्दावर त्यांनी ओझावाला बाहेर ठेवलं, तोच आता गैरसोयीचा झाला होता. मग त्यांनी म्हटलं, शास्त्रज्ञांचं राहू द्या. कायदा लिहिला तो साध्या माणसाच्या बोलीत, तेव्हा अर्थही साध्या माणसाच्या समजुतीचा घ्यायचा. सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि सावळा हिंदू यांचा प्राचीन काळी एखादा समान पूर्वज असेलही; पण आज ते वेगळे आहेत हे कुणाही सामान्य माणसाला दिसतं. ‘आर्य’ हा तर भाषेचा विषय, शरीराचा नव्हे. आपण हिणवत नाही, फरक तेवढा सांगतो, हेही त्यांनी घालून दिलं.

ओझावाला शास्त्राने हाकललं आणि थिंडला साध्या माणसाच्या समजुतीने. कोणती मोजपट्टी कधी काढायची ते कोर्टाच्या हातात होतं.

जातीच्या युक्तिवादाला त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलंय, आणि ते कुणाच्या फार लक्षात येत नाही. पंजाबात आणि राजपुतान्यात आक्रमकांना आपलं रक्त जपण्यात जास्त यश आलं असेल, पण तिथेही सरमिसळ झालीच. जातीचे नियम ती थांबवण्यासाठीच होते, पण ते पूर्णपणे यशस्वी झालेले दिसत नाहीत. म्हणजे ज्या दाखल्याच्या जोरावर दार ठोठावलं होतं, तो न्यायमूर्तींनी हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला: सोवळं पाळलंत खरं, पण नीट पाळलं नाहीत.

मग जे झालं ते भराभर झालं. आधी मिळालेली नागरिकत्वं काढून घेण्यासाठी सरकारने खटले सुरू केले. शिखांना मिश्र रक्ताचे म्हणणाऱ्या मोझुमदारांचं नागरिकत्व एका शिखाच्या निकालाच्या आधाराने गेलं. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नसे. तो कायदा आता पंजाबी शेतकऱ्यांवर लागू झाला. बायकांचं आणखी वेगळं: १९२२ च्या कायद्यानुसार अशा माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं.

पेशावरहून बायको आणि तीन मुलांसह १९१५ मध्ये आलेले वैष्णोदास बगाई यांचं सॅन फ्रान्सिस्कोत दुकान होतं. ते १९२१ मध्ये नागरिक झाले होते. निकालानंतर ते नागरिकत्वही गेलं. १९२८ मध्ये त्यांना हिंदुस्थानात जाऊन यायचं होतं. अमेरिकेने पासपोर्ट नाकारला, ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. ज्या राज्यापासून सुटायला ते आले होते त्याच्याच छत्राखाली परत जा, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी त्यांनी जीव दिला. जाताना वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र छापून आलं. घर, दुकान, मुलं सगळं अमेरिकन करून बसलेल्या माणसाचा हिशेब आहे तो: आता इथे हक्क नाही, आणि देश सोडून जाताही येत नाही.

एकच जण सरकारला पुरून उरला. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी माणूस लगेच जात आणि गाव लावायला बसेल. मीही बसलो होतो. पंडितांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं. स्वतःच्या खटल्यात त्यांनी वंशाची वाट सोडून दिली आणि निव्वळ वकिली केली: तेव्हा सरकारचा माणूस कोर्टात हजर होता, त्याने विरोध केला, निकाल विरुद्ध गेला आणि सरकारने अपील केलं नाही, मग निकाल पक्का. त्या भरवशावर मी घर, धंदा, संसार उभा केला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मानलं, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. बाकीच्या खटल्यांतला जोर त्यानंतर ओसरला. आर्य, कॉकेशियन, क्षत्रिय यातलं काहीही न लागता काम झालं.

थिंडला तिसऱ्यांदा, आणि या वेळी कायमचं, नागरिकत्व मिळालं ते १९३६ साली, न्यूयॉर्कात. माजी सैनिकांसाठी आदल्या वर्षी झालेल्या कायद्याने. त्यात वंशाचा प्रश्नच नव्हता, गणवेशाचा होता. बाकीच्या हिंदी लोकांना २ जुलै १९४६ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. तेव्हाही वर्षाला फक्त शंभर जणांना यायची मुभा. थिंड अध्यात्मावर व्याख्यानं देत अमेरिकाभर हिंडला आणि १९६७ मध्ये वारला.

निकालाला शंभर वर्षं पूर्ण झाली त्यानंतर दोन दिवसांनी, २१ फेब्रुवारी २०२३ ला, थिंड ज्या शहरात उतरला होता त्या सिॲटलच्या नगरपरिषदेने भेदभावाविरुद्धच्या आपल्या नियमांत ‘जात’ हा शब्द घातला. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात असं पहिल्यांदाच होत होतं. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. सहा मतं बाजूने, एक विरुद्ध. अमेरिकेतल्या काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला: यामुळे आमच्याच समाजाकडे बोट दाखवलं जातं, म्हणून. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केलेला तसाच कायदा गव्हर्नरांनी सही न करता परत पाठवला.

सिॲटलच्या ठरावात जातीची व्याख्या द्यावी लागली. जन्माने आलेला दर्जा, समाजात मिसळण्याला घातलेली कुंपणं, आणि या दोहोंच्या मध्ये, जातीतल्या जातीत लग्न.